नणंदेनं हॉटेल बुक केलं आणि घरात अबोला

पत्र थोडक्यात असं: वाचक भगिनी साताऱ्याच्या मंगळवार पेठेत राहतात. वय ४८, पतसंस्थेत नोकरी. यजमानांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. घर जुनं, खाली-वर मिळून तीन खोल्या. बाथरूम एकच, तेही जिन्याखाली. त्याच्या दाराची आतली कडी नीट बसत नाही म्हणून दोरी गुंडाळतात. घरात नवरा-बायको, बारावीतला मुलगा आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. धाकटी नणंद ठाण्याला असते. दरवर्षी वसुबारसेला ती, तिचे यजमान, कॉलेजातला मुलगा आणि १४ वर्षांची मुलगी येतात ते भाऊबीज करूनच परततात. यंदा तिचा फोन आला, "वहिनी, आम्ही हायवेला हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात. उगाच तुझी धावपळ नको." तेव्हापासून यजमान घुश्शात आहेत. "माझी बहीण साताऱ्यात येऊन हॉटेलात उतरणार? तू काय बोललीस तिला?" सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्यात. गल्लीत काय सांगायचं, हे आणखी वेगळंच. त्या लिहितात, "खरं सांगू का, फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तिला हट्टानं घरी आणू, की गप्प बसू?" खाली ताजा कलम आहे: मागच्या दिवाळीत भाची टॉवेल घेऊन अर्धा तास जिन्यात बसली होती, ते सारखं डोळ्यांसमोर येतं.

ताई,

आधी त्या हलकं वाटण्याचं बघू, कारण तिथं तुम्ही उगाच अडकून बसलाय.

नरकचतुर्दशीची पहाट घ्या. आठ माणसं, एक बाथरूम. तेल, उटणं, डोक्यावरून पाणी हे सगळं धरून माणशी वीस मिनिटं म्हटली तरी १६० मिनिटं झाली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. दिवाळीत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्याच्या आत आठवं माणूस न्हाऊन बाहेर यायचं, तर पहिल्याला पावणेचारला पाटावर बसवावं लागतं. त्याआधी पाणी तापवायचं, पाट मांडायचा, भोवती रांगोळी, कारीट आणून ठेवायचं, निरांजन लावायचं. तुम्ही किती वाजता उठता हे मी विचारत नाही. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या शेवटी न्हाणारी बाई एकच असते, एवढं मला माहीत आहे. तिच्या वाट्याला येईपर्यंत गीझर गार पडलेला असतो, हेही.

अशा पाच पहाटा, वर पतसंस्थेत वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी. त्यातली थोडी कमी होणार म्हटल्यावर कुणालाही हलकं वाटेल. त्यात नणंदेचा दुस्वास कुठे आला? तुम्हाला ती नकोशी असती तर तिच्या लेकीचं जिन्यात बसणं वर्षभर मनात राहिलं नसतं.

आता यजमान. दिवाळीत आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा विकणारं दुकान रात्री अकराच्या आत बंद होत नसणार. म्हणजे बहीण घरी उतरलीच पाहिजे असं ज्यांना वाटतं, ते स्वतः दिवसभर घरात नसतात. हे त्यांना ऐकवावंसं तुम्हाला फार वेळा वाटलं असेल. पण जरा थांबा. अकरा वाजता शटर ओढून माणूस घरी येतो, बहीण झाकून ठेवलेलं ताट पुढं करते आणि समोर बसते. लहानपणचं काहीतरी निघतं, दोघं हसतात. कदाचित वर्षभरातली त्यांची दिवाळी तेवढीच असेल. हॉटेल म्हटल्यावर त्यांना पहिली ती अर्ध्या तासाची बैठक गेलेली दिसली असणार. ते बोलता आलं नाही म्हणून राग तुमच्यावर निघाला. राग चुकीच्या दारात आलाय, एवढं मात्र त्यांना स्पष्ट सांगा. "मी काही बोलले नाही. तुम्ही स्वतः तिला फोन करा आणि विचारा." बहीण त्यांची आहे. मधे निरोप्याचं काम तुम्ही घेऊ नका. नणंद-भावजयीतले निम्मे गैरसमज भाऊ फोन करत नाही म्हणून होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

यजमानांना टोचलेला शब्द मात्र बघण्यासारखा आहे: "उतरणार". आपल्याकडे "कुठे राहता?" आणि "कुठे उतरलात?" हे दोन वेगळे प्रश्न. दुसरा आपण परगावच्या माणसाला विचारतो. घरच्या लेकीला तो विचारायची वेळ यावी, हे त्यांना सहन होत नाहीये. मी समजू शकते. पण जुन्या पद्धती आठवून बघा. लग्नात सगळ्यात मानाचे पाहुणे कोण? वरपक्ष. त्यांना आपण आपल्या घरात कोंबायचो का? त्यांना जानवसा द्यायचो. वेगळं घर, वेगळ्या गाद्या, गरम पाण्याचे हंडे, चहा-फराळ तिथं पोचवायचा. बाकीच्या पाहुण्यांच्या पथाऱ्या पेठेतल्या चार घरांत पडायच्या. "आमच्या माडीवर दहाजण झोपतील" असं शेजारी आपणहून सांगायचे. सज्जनगडावर गेलो की आपण भक्तनिवासात पाठ टेकतो, त्यात समर्थांचा अपमान झाला असं अजून कुणाला वाटलेलं नाही. पाठ कुठं टेकली यावरून मान ठरत नव्हता. पंगतीला बोलवायला कोण आलं, आग्रह कुणी केला, निरोप द्यायला कोण कुठपर्यंत गेलं, यावरून मात्र रुसवेफुगवे होत. बोलवायला कोण आलं, हे तेवढं लक्षात ठेवा.

माझं माहेर सांगलीचं, मारुती चौकाच्या मागच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. भावाच्या घरात छातीइतकं पाणी होतं. दिवाळीपर्यंत खालच्या भिंतींचा गिलावा खरवडलेला, ओल तशीच, कपाटं उघडली की गाळाचा वास. मी म्हटलं, यंदा स्टँडजवळ लॉजवर राहते. भाऊ गप्प झाला, तुमच्या यजमानांसारखाच. मला वाटलं, रुसला. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला दारावर टकटक झाली. बघते तर भाऊ. कानाला मफलर, हातात स्टीलची वाटी, वाटीवर बशी झाकलेली. भावजयीनं दुधात कालवून दिलेलं उटणं. म्हणाला, "लॉजवर साबण मिळतो, हे मिळत नाही." आणि खाली स्कूटरवर वाट बघत बसला, मला औक्षणाला घरी न्यायला. त्या लॉजचं नाव आता मला आठवत नाही. बशी आठवते. कडेला चीर गेलेली, पुरातून वाचलेली.

ही गोष्ट मी तुमच्या यजमानांना उद्देशून लिहिलीय, हे त्यांना वाचून दाखवताना सांगा.

आता ताजा कलम. तुम्ही तो सहज लिहिलाय, पण मला सगळं पत्र तिथं असल्यासारखं वाटलं. चौदा वर्षांची मुलगी. दाराला कडी नाही, दोरी. बाहेर मामा, मामेभाऊ, स्वतःचा भाऊ आणि बाप आपापली पाळी कधी येते याची वाट बघत. समजा त्याच दिवसांत तिची मासिक पाळी आली. घरात देव्हारा, लक्ष्मीपूजनाची तयारी, आजीसमोर काय बोलायचं, कुणाला सांगायचं, कापडात गुंडाळलेलं काय कुठं टाकायचं? परतताना खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत तिनं आईला काय सांगितलं असेल, ते आपल्याला माहीत नाही. "पुढच्या वर्षी मी येणार नाही" असं म्हणाली असेल तर मला नवल वाटणार नाही. मग आईनं काय करावं? लेकीला ठाण्यात ठेवून माहेरी यावं? तिनं दोन खोल्या शोधल्या.

माझा हा अंदाज पार चुकीचाही असू शकेल. जावयांचे गुडघे दुखत असतील आणि उकिडवं बसणं जमत नसेल. मुलाची परीक्षा असेल. काहीही असेल. पण माणसं हॉटेल बहुतेकदा स्वतःच्या अडचणीपायी घेतात आणि फोनवर कारण मात्र समोरच्याच्या नावावर टाकतात. "तुझी धावपळ नको." ऐकायला गोड, पण त्याचा अर्थ घरात असाच निघतो की वहिनीनं धावपळीची कुरकुर केली असणार. तुमच्या नणंदेला कल्पनाही नसेल की तिच्या त्या एका वाक्यानं तुमच्या घरात पंधरा दिवस अबोला धरलाय.

तेव्हा यजमानांचा फोन झाला की तुम्हीही एक करा. "राग आला का गं?" असं विचारू नका, त्याला "छे गं" हेच उत्तर असतं. असं म्हणून बघा: "हॉटेल घेतलंस ते बरं केलंस, मलाही जरा सुटल्यासारखं झालं. पण तू रात्री कुठं झोपणार? आई वाट बघतायत." सुटल्यासारखं झालं हे सांगायला घाबरू नका. एकीनं खरं बोललं की दुसरीही बोलते. आणि भाचीला काही अडचण आहे का, हे हळूच विचारा. तिच्यासमोर नको.

सासूबाईंच्या पदराकडे आता येते. त्यांना जावई, नातवंडं घरात झोपायला हवीत असं मला वाटत नाही. १९ वर्षांचा नातू रात्री एकपर्यंत मोबाइल बघत बसतो, त्यात आजीला काय सुख? त्यांना लेक हवी आहे. आणि लेकीशी खरं बोलणं दिवसा होत नाही. दिवसा चकल्या, आल्या-गेल्याचा चहा, सून शेजारी उभी. दिवा मालवल्यावर, शेजारी शेजारी पडल्यावर, छताकडे बघत मायलेकी बोलतात. सुनेबद्दलही बोलतात, ते आपण ऐकू नये. ७९ वर्षांच्या बाईला अशा किती रात्री मिळणार आहेत?

म्हणून माझं म्हणणं: सगळी घरी किंवा सगळी हॉटेलात, असे दोनच पर्याय कुणी सांगितले? नणंद घरी, आईच्या अंथरुणाशेजारी, पाचच्या पाच रात्री किंवा तिला जमतील तितक्या. तिचा मुलगा तुमच्या मुलाबरोबर माडीवर. पोरांना तेच आवडतं. जावई आणि भाची हॉटेलात. म्हणजे दोन खोल्यांची एकच लागते. बाथरूमसमोरची रांग आठवरून सहावर येते. अकरा वाजताचं ताट आणि समोर बसलेली बहीण, तेही वाचतं. माहेर लेकीचं असतं, जावयाला ते सासर. त्यांना सासरी पाच दिवस लुंगीत वावरायचा संकोच वाटत असेल तर त्यांचीही सुटका.

हॉटेलचं मात्र एक बदलायला सांगा. हायवेचं हॉटेल ठाण्याहून येताना सोयीचं वाटतं. पण तिथून मंगळवार पेठेत यायचं म्हणजे पोवई नाका ओलांडून दिवाळीच्या गर्दीतून वर राजवाड्याकडे चढायचं, गाडी लावायला जागा शोधायची, आणि रात्री परत तेच. दोन दिवसांनी "आज राहू दे, उद्या येतो" सुरू होतं. मग हॉटेल खरंच आड येतं. गावात, घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर साधी स्वच्छ खोली बघा. स्विमिंग पूल नसला तरी चालेल, पार्किंग हवं; तुमच्या गल्लीत मोठी गाडी शिरते कुठे? आता महाबळेश्वरला जाणारी माणसंही दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात मुक्काम टाकतात, तेव्हा बदल करायचा तर या आठवड्यातच. आधीचं बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत मिळतात ते वाचायला सांगा. खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो. सप्टेंबर २०२५ पर्यंत तो १२ टक्के होता. कुणी जुन्या दरानं हिशेब सांगितला तर विचारायला हरकत नाही. आणि बिल त्यांचं त्यांना भरू द्या. तुमचे यजमान काउंटरवर जाऊन पाकीट काढणाऱ्यांतले वाटतात. त्यांना आवरा. भावानं बिल भरलं की पुढच्या वर्षी बहीण संकोचानं एक तर हॉटेल घेणार नाही किंवा येणारच नाही.

पाहुणे हॉटेलात असले की घरच्या बाईला एक नवाच त्रास होतो. ते कधी येणार हे कळत नाही. घरात असले तर निदान डोळ्यांसमोर असतात. आठला फराळाला येतो म्हणायचं आणि साडेदहाला यायचं, तोवर चहा तीनदा उकळलेला, तुमची कामावर जायची वेळ झालेली. म्हणून वेळा आधीच ठरवा, फोनवरच. सकाळचा फराळ घरी, अमुक वाजता. दुपारी त्यांचं ते बघतील. रात्रीचं जेवण घरी, त्यातलं एक नणंदेनं बाहेर द्यायचं आणि त्या दिवशी तुमच्या घरचा गॅस पेटणार नाही. अभ्यंगस्नानाला जावई आणि भाची यांना आणायला यजमान पहाटे स्वतः जातील. दुकान त्या वेळी बंदच असतं. दोघांना हॉटेलवरच न्हायचं असेल तर उटणं पोचवा आणि औक्षणाला घरी आणा. भाऊबीज तर घरीच, पाटावर.

गल्लीत काय सांगायचं? "जावई हॉटेलात, पोरगी आईजवळ." चार शब्द. त्यावर ज्याला गप्पा मारायच्या असतील त्यानं माराव्यात.

तुमच्यासारखी पत्रं दिवाळीच्या आधी बरीच येतात, आणि ती फक्त यजमानीणबाईंचीच नसतात. जे पाहुणे म्हणून जाणार आहेत त्यांना एकच विनंती: खोली घेण्याआधी फोन करा, घेतल्यावर नको. आणि कारण स्वतःचं सांगा. "माझे गुडघे", "पोरीला लाज वाटते", "मला एसीशिवाय झोप येत नाही", काय असेल ते. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण वाईट वाटणार नाही. आणि उतरलात हॉटेलात तरी घरी जाताना पाहुण्यासारखं नुसता कंदी पेढ्याचा बॉक्स घेऊन सोफ्यावर बसू नका. स्वयंपाकघरात जा.

हॉटेलचं भाडं सगळ्यांना परवडतं असंही नाही. चार माणसांच्या पाच रात्रींच्या भाड्यात एखाद्या घराचा महिन्याचा किराणा येतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी रात्री कमी कराव्यात. पाचऐवजी दोन. वसुबारसेला येण्याऐवजी लक्ष्मीपूजनाला या, भाऊबीजेच्या संध्याकाळी निघा. आपल्या चादरी आपण आणा. ओळखीत कुणाचा फ्लॅट दिवाळीत बंद असेल तर विचारा. शाहूपुरी, गोडोलीत पुण्याला गेलेल्या मुलांचे असे कितीतरी फ्लॅट कुलपात असतात आणि मालकांना कुणीतरी खिडक्या उघडून हवा खेळवली तर बरंच वाटतं.

आणि ज्यांच्याकडे दिवाळीत नाही, पण सप्टेंबरात कासच्या फुलांच्या निमित्तानं चुलत-मामे-मावस सगळे "सहज" येऊन पडतात, त्या सातारकरांशी माझी पूर्ण सहानुभूती आहे. पठाराचं बुकिंग या मंडळींनी ऑनलाइन आधीच केलेलं असतं, तुमच्या घराचं मात्र आदल्या रात्री फोनवर. त्यांना नाही म्हणायला शिका. "जेवायला या, झोपायची सोय होणार नाही" हे वाक्य आरशासमोर दोन-चारदा म्हणून बघा, जमतं.

ताई, तुमच्या नणंदेची गोष्ट मात्र वेगळी. ती सहज येणारी नाही, ती वर्षभर वाट बघून येते. यजमानांना फोन रविवारी दुपारी करायला लावा, ते जेवून घरी असतील तेव्हा, म्हणजे "नंतर करतो" म्हणायची सोय राहणार नाही. आणि नणंद हो म्हणो की नाही, बाथरूमच्या दाराला आजच नवी कडी बसवून घ्या. दिवाळीच्या आठवड्यात सुतार मिळत नाही.